दान, उपकार आणि हक्क

वर्षावास सुरू झाला की मराठवाड्यातील बौद्ध वस्त्यांतून संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी व तिच्या भोवतालची खेडी याला अपवाद नाहीत. दिवसभर कापसात खुरपणी करून आलेल्या माता-भगिनी हातपाय धुऊन, पांढरी वस्त्रे नेसून विहारात येतात, त्रिशरण-पंचशील होते आणि कोणीतरी शिकलेला मुलगा ग्रंथ उघडतो. पहिल्याच खंडात सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाचे प्रकरण येते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या ठिकाणी जुन्या समजुतीला छेद दिला आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून एकोणतीस वर्षांच्या माणसाला एकाएकी वैराग्य आले, ही कथा त्यांनी बुद्धीला न पटणारी म्हणून बाजूस ठेवली. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला, शाक्य संघाने युद्धाचा ठराव आणला, सिद्धार्थाने विरोध केला आणि बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. मग त्याच्यापुढे तीनच वाटा उरल्या. सैन्यात दाखल होणे, देहान्त किंवा देशत्याग पत्करणे, अथवा आपल्या कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती ओढवून घेणे. त्याने देशत्याग पत्करला.

सिद्धार्थ आपल्या संमतीने गेला, मायबापांचा आणि यशोधरेचा निरोप घेऊन गेला, हा फरक आहे. पण पाण्याचा तंटा, युद्धाचा ठराव, बहिष्कार, जमिनीची जप्ती आणि देश सोडून जाणारा माणूस ही सगळी सामग्री आजच्या कोणत्याही निर्वासिताच्या कहाणीत जशीच्या तशी सापडते. सुदान देशात १५ एप्रिल २०२३ रोजी सरकारी सैन्य आणि एक निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. एक कोटीहून अधिक माणसांना घरेदारे सोडावी लागली. काही देशातच भटकली, काही चाड, इजिप्त, दक्षिण सुदान, युगांडा या देशांत गेली. उत्तर दारफूरमधील झमझम या निर्वासितांच्या छावणीत दुष्काळ पडल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी जाहीर केले. जिथे जीव वाचवायला म्हणून आले, तिथेच माणसे भुकेने मरू लागली.

आता, ग्रंथवाचनानंतर अशी चर्चा निघाली आणि दानपेटीतील काही रक्कम या लोकांसाठी द्यावी असे कोणी सुचविले, तर दुसरा लगेच विचारतो : ‘आपल्याच पोराच्या फीचे वांधे आहेत. आफ्रिकेतल्या माणसाचे आपल्याला काय?’ असे विचारणाऱ्याला स्वार्थी ठरवून गप्प बसविणे सोपे आहे. तसे करू नये. हा प्रश्न कोरडवाहू दोन एकरांवर किंवा नुसत्या मजुरीवर जगणाऱ्या माणसाचा आहे आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर करुणेवरचे एक प्रवचन देऊन भागणार नाही. दान म्हणजे काय, उपकार म्हणजे काय आणि हक्क म्हणजे काय, हे आधी तपासावे लागेल. या तपासणीला आपल्याइतका लायक समाज दुसरा नाही, कारण घेणाऱ्याच्या बाजूला आपण पिढ्यान्‌पिढ्या उभे होतो.

कसे उभे होतो ते आठवून पाहा. येसकराची पाळी ज्याच्याकडे असे तो संध्याकाळी घोंगडी पांघरून, हातात काठी घेऊन घरोघर भाकर मागत फिरे. दिवसभर त्याने गावची राखण केलेली असे, सरकारी कागद पोचविलेले असत, मेलेले ढोर ओढलेले असे. म्हणजे ती भाकर त्याची मजुरी होती. पण देणारी बाई ती वरून टाकी आणि घेणारा मान खाली घालून ‘जोहार मायबाप’ म्हणे. मजुरीची भीक कशी होते याचा यापेक्षा उघड दाखला शोधूनही सापडणार नाही. म्हणूनच मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी दारोदार जाणे सोडा, असा उपदेश केला. ज्यांच्या घरात दुसरे काही शिजत नव्हते त्यांना हे सांगायला मोठे धैर्य लागते. लोकांनी ते ऐकले, उपाशी राहून ऐकले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेची एक मुळी तिथे आहे असे मला वाटते.

म्हणून ‘मदत’ हा शब्द ऐकला की आपल्या माणसाच्या मनात प्रथम संशय उठतो, कृतज्ञता नव्हे. हा संशय निरोगी आहे आणि बाबासाहेबांनी तो विचाराच्या पातळीवर नेला आहे. पुणे करारानंतर १९३२ साली अस्पृश्यतानिवारणासाठी जी संस्था स्थापन झाली, जी पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली, तिचे चिटणीस ठक्करबाप्पा होते. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जात असताना १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बोटीवरूनच बाबासाहेबांनी त्यांना एक सविस्तर पत्र लिहिले. त्याचा आशय थोडक्यात असा. अस्पृश्य माणसाची दैना त्याच्या वैयक्तिक दुर्गुणांमुळे आहे असे मानले, तर दारूबंदी, तालमी, वाचनालये, शाळा एवढ्यावर काम भागते. पण ती भोवतालच्या परिस्थितीमुळे आहे असे मानले, तर काम बदलते. विहिरीवर पाणी भरण्याचा, शाळेत बसण्याचा, चावडीवर जाण्याचा, गाडीत बसण्याचा हक्क प्रत्यक्ष बजावता आला पाहिजे. त्यासाठी संघर्ष झाला तरी चालेल, संस्थेने आपली शक्ती तिथेच लावावी. आणि हे काम करणारी माणसे पगारी उपकारकर्ते नकोत, ज्यांना त्या समाजाबद्दल खरा जिव्हाळा आहे अशी हवीत, म्हणजे मुख्यतः त्याच समाजातील हवीत. या पत्राचे साधे उत्तरही त्यांना मिळाले नाही. संस्थेचा कारभार सवर्ण हिंदूंच्याच हाती राहिला. त्याचे कारण असे देण्यात आले की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, ऋण फेडणाऱ्यानेच ते कसे फेडायचे ते ठरवावे.

जगाच्या मदतव्यवहारात हेच पत्र आज पुन्हा वाचण्यासारखे आहे. मे २०१६ मध्ये इस्तंबूल येथे मानवतावादी साहाय्याची जागतिक परिषद भरली. तिथे मोठ्या देणगीदार राष्ट्रांनी व संस्थांनी असा करार केला की २०२० पर्यंत साहाय्यनिधीचा किमान चौथा हिस्सा आपद्‌ग्रस्त देशांतील स्थानिक संस्थांच्या हाती शक्य तितका थेट जाईल. २०२० आले आणि गेले, चौथा हिस्सा काही गेला नाही, त्याच्या जवळपासही नाही. पंगतीत पात्रे मांडायला स्थानिक माणसे, पण वाढपी मात्र परगावचा आणि पळी त्याच्याच हातात. त्या परगावच्या वाढप्याची नियत वाईट असतेच असे नाही. हरिजन सेवक संघातही सज्जन माणसे होतीच. पण कोणाला किती वाढायचे आणि कधी थांबायचे हे जोवर तोच ठरवितो, तोवर जेवणारा माणूस भुकेच्या जोडीला त्याच्या मर्जीचेही ओझे वाहतो.

मर्जीचे ओझे म्हणजे काय हे आपल्या देशाने अनुभवले आहे. १९६५ ते १९६७ या अवर्षणाच्या वर्षांत भारत अमेरिकेच्या गव्हावर अवलंबून होता. तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडली. व्हिएतनाम युद्धावर भारताने केलेली टीका त्यांना रुचली नव्हती. आफ्रिकेला हाच अनुभव नुकताच आला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या नव्या सरकारने परदेशी साहाय्य एकाएकी गोठविले आणि १ जुलै २०२५ रोजी साहाय्य देणारी त्यांची मुख्य संस्थाच बंद झाली. दवाखाने, सुईणींचे पगार, छावणीतील शिधा या साऱ्यांवर एका सहीने गदा आली. त्या छावण्यांतील मातांनी काय गुन्हा केला होता? काहीच नाही. देणाऱ्याचे मन बदलले, एवढेच. ज्या दानाची हमी देणाऱ्याच्या मनाखेरीज दुसरी कशातच नाही त्याला आपली म्हातारी माणसे उपकार म्हणत.

उपकाराचा हक्क कसा होतो, याचे एक उदाहरण मात्र याच मराठी मुलखात घडले आहे. १९७२ च्या दुष्काळात आष्टीचा परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता, जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्या वर्षाची आठवण सांगणारी माणसे अजून आहेत. परदेशातून आलेली लाल ज्वारी, जिला लोक ‘मिलो’ म्हणत, तिच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांचे वर्णन ती अजून करतात. त्याच वर्षी मे महिन्यात परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे विहिरीच्या पाण्यावरून दोन बौद्ध भगिनींची नग्न धिंड काढण्यात आली, हेही ती विसरलेली नाहीत. आभाळ आटले की जात आटते असे कोणी म्हणत असेल तर त्याने हे लक्षात ठेवावे. परंतु त्या दुष्काळात दुसरेही एक घडले. खडी फोडणे, पाझर तलाव, नाला बांध, रस्ते या कामांवर मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधीपासून जी कल्पना मांडली होती, मागेल त्याला काम, तिला या लाखो हातांनी बळ दिले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पंधरा दिवसांत काम दिले नाही तर सरकारने बेकारभत्ता द्यायचा, असे त्यात लिहिले गेले. तो भत्ता मिळविणे किती जिकिरीचे होते, हजेरीपटावर काय प्रकार चालत, हे मजुरांना कोणी सांगायला नको. तरीही सुकडी आणि रोजगार हमी यांत मूलभूत अंतर आहे. सुकडी संपली तर मजुराने हात जोडायचे. काम दिले नाही तर मजुराने तहसीलवर मोर्चा न्यायचा. पुढे २००५ साली देशाने हाच विचार कायद्याच्या रूपाने घेतला.

तथागतांनी दानाचा विचार याच दिशेने केला आहे, हे आपल्याकडे पुरेसे सांगितले जात नाही. दान म्हटले की चीवरदान, भोजनदान आणि पावती एवढेच डोळ्यांपुढे येते. दीघनिकायातील कूटदन्त सुत्त पाहा. एका राजाच्या राज्यात चोऱ्या-दरोडे वाढले आहेत आणि त्याला मोठा यज्ञ करायचा आहे. त्याचा पुरोहित त्याला सांगतो की दंड वाढवून हे थांबणार नाही. जे शेती करतात त्यांना बी-बियाणे आणि वैरण दे, जे व्यापार करतात त्यांना भांडवल दे, जे चाकरी करतात त्यांना योग्य वेतन दे. मग लोक आपापल्या कामात गुंततील आणि दारे उघडी टाकून निजतील. दुसरे सुत्त चक्कवत्ति-सीहनाद. तिथला राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी येते, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या. यातली बारकाईची गोष्ट पुढेच आहे. राजा पकडून आणलेल्या चोराला दया येऊन पैसे देतो, आणि ते ऐकून आणखी लोक चोरी करू लागतात. म्हणजे व्यवस्था न बदलता समोर आलेल्या एकट्यावर दाखविलेली दया राज्य सुधारत नाही, असे अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ सांगतो. आळवीच्या भुकेल्या शेतकऱ्याची कथाही अनेकांनी ऐकली असेल. हरवलेला बैल शोधून तो दमून आला, तेव्हा भगवंतांनी आधी त्याला जेवू घालायला लावले आणि मग धम्म सांगितला. जेवण आधी, हे खरेच. पण बैल सापडल्याशिवाय आणि शेत उभे राहिल्याशिवाय त्याचे पुढचे जेवण कोठून येणार?

निर्वासितांच्या बाबतीत हा फरक आफ्रिकेतील दोन शेजारी देशांत दिसतो. केनियात सोमालियातून आलेल्या लोकांसाठी १९९१ पासून दादाब येथे छावण्या उभ्या राहिल्या. तिथे अनेक दशके नियम असा की छावणीबाहेर परवान्याशिवाय जायचे नाही. छावणीत जन्मलेली मुले छावणीतच बाप झाली, आई झाली, आणि शिध्याच्या रांगेत उभी राहिली. युगांडाने दुसरी वाट धरली. २००६ च्या कायद्याने निर्वासिताला काम करण्याचा व देशात फिरण्याचा हक्क दिला, आणि वसाहतीत घरापुरता व पिकापुरता जमिनीचा तुकडा देण्याची पद्धत ठेवली. २०१६ मध्ये दक्षिण सुदानच्या लोकांसाठी वसविलेल्या बिदिबिदी वसाहतीत अशाच तुकड्यांवर दोन लाखांहून अधिक माणसे राहिली. दवाखाना, शाळा, पाणी यांचा ठरावीक वाटा मूळच्या गावकऱ्यांना मिळावा, असाही दंडक आहे. म्हणजे निर्वासित आला म्हणून गावकरी उपाशी राहिला, असे कोणी म्हणू नये. अर्थात हे स्वर्गाचे वर्णन नाही. तुकडे लहान आहेत, जमीन काही ठिकाणी खडकाळ आहे आणि २०२३ पासून शिध्यात मोठी कपात झाल्यावर एवढ्या जमिनीवर पोट भरत नाही, हे उघड झाले आहे. पण विळा, बी आणि पायाखाली स्वतःची म्हणता येईल अशी माती असलेला माणूस वेगळ्या आवाजात बोलतो.

हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही, कारण मराठवाड्यात गायरानाची लढाई याच आवाजासाठी झाली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लाखो लोक तुरुंगात गेले. १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील भूमिहीन दलितांची वहिवाट नियमित करण्याचे ठरले, आणि तो निर्णय कागदावरून शेतात उतरावा म्हणून बीडकडे ॲड. एकनाथ आवाडांसारख्यांनी आयुष्य वेचले. आजही अनेकांचा सातबारा झालेला नाही. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यात जे जळीत झाले, तेव्हा याच जमिनी, याच झोपड्या लक्ष्य झाल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांनी ‘जय भीम’ म्हणणे सोडले नाही म्हणून त्यांना जिवंत जाळले. हजारो कुटुंबे गाव सोडून रानात, शहरात, नातेवाइकांकडे गेली. ती आपल्याच जिल्ह्यात निर्वासित झाली. परत आली तेव्हा दुकानदार माल देईना, शेतकरी कामावर घेईना. त्यांना तेव्हा काय हवे होते? शिधा हवाच होता. पण त्याहून अधिक हवी होती परत जाण्याची हमी, जाळणाऱ्यावर खटला आणि उभ्या पिकाचे संरक्षण.

जमीन दिली म्हणजे सगळे झाले, असेही समजू नये. १९४६ मध्ये बाबासाहेबांना घटना समितीवर निवडून देणारा बंगाल आणि त्यासाठी झटणारे जोगेंद्रनाथ मंडल यांचे ऋण आपण मानतो. त्याच बंगालमधील नमःशूद्र समाजाचे लोक फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आले, तेव्हा त्यांना न विचारता दंडकारण्यात नेऊन बसविण्यात आले. नदीकाठच्या भातशेतीची माणसे माळरानावर आणि जंगलात. त्यांपैकी काही हजार १९७८ मध्ये सुंदरबनातील मरिचझापी बेटावर परतून आपल्या हिमतीने वस्ती करू लागले, तर जानेवारी १९७९ मध्ये त्यांची नाकेबंदी झाली आणि मे महिन्यात वस्ती उठविण्यात आली. १९८४-८५ च्या दुष्काळात इथिओपियाच्या सरकारने उत्तरेकडील शेतकऱ्यांना असेच धरून दक्षिण-पश्चिमेला नेले, आणि बाहेरून आलेल्या मदतीची त्या कामी सोय झाली. उलट १९७२ मध्ये आपल्याच राज्यात, तेव्हाच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावजवळ तिबेटी बौद्ध निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत झाली. तिथे जमीन मिळाली, शाळा मिळाली, विहार मिळाला आणि वसाहतीचा कारभार त्यांच्या हाती राहिला. ती अजून उभी आहे.

करुणेला प्रज्ञेची जोड हवी असे बाबासाहेबांनी वारंवार सांगितले, त्याचाही एक दाखला आफ्रिकेतलाच आहे. १९९४ मध्ये रवांडात नरसंहार झाला. नंतर लाखो लोक सीमा ओलांडून गोमा येथे आले, पटकीने हजारो मेले, आणि जगाने अन्न पाठविले. परंतु छावण्यांचा ताबा नरसंहार करणाऱ्या पुढाऱ्यांकडेच होता. शिधा तेच वाटत आणि त्यावर आपले सैन्य पोशीत. फ्रान्समधील एका वैद्यकीय संस्थेने हे पाहून त्या छावण्यांतून माघार घेतली. इतर थांबल्या, कारण आत निरपराध मुलेही होती. यात कोण चुकले हे इथे बसून सांगण्याचे धाडस मी करणार नाही. पण ‘दिले की पुण्य लागले, पुढचे आपल्याला काय’ हा विचार धम्माचा नाही, हे तेवढ्यावरून कळते.

मातांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. मज्झिमनिकायात अंगुलिमालाची कथा आहे. भिक्षू झाल्यावर त्याला रस्त्यात अडलेली बाळंतीण दिसते, त्याचे मन कळवळते आणि तो भगवंतांना येऊन सांगतो. भगवंत त्याला परत तिच्याकडे पाठवितात. सत्यवचनाने तिची सुटका झाली, हा कथेतील चमत्काराचा भाग आहे आणि आपण बुद्धिवादी बौद्धांनी तो तसाच घेण्याचे कारण नाही. पण काल ज्याने माणसे मारली त्या भिक्षूच्या कळवळ्याचे पहिले पात्र एक अडलेली बाई असावी आणि तथागतांनी त्याला ध्यानाला न बसविता तिच्याकडे धाडावे, याला अर्थ आहे. बाबासाहेबांनी हा अर्थ कायद्यात उतरविला. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाआधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार काही अंशी सरकारनेही उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९३८ च्या नोव्हेंबरात संततिनियमनाचा ठराव त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधानसभेत मांडला. पुढे मजूरमंत्री असताना खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांसाठीही त्यांनी हेच केले. बाळंतिणीच्या विसाव्याला त्यांनी कोठेही दया म्हटलेले नाही.

२०२३ साली जगात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गरोदरपणात किंवा बाळंतपणात दगावल्या. त्यांपैकी सुमारे ७० टक्के सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतल्या होत्या. रक्तस्राव, रक्तदाब, जंतुदोष ही कारणे नवी नाहीत आणि त्यांवरचे उपायही नवे नाहीत. हाताशी शिकलेली सुईण, रक्ताची बाटली आणि दवाखान्यापर्यंत जाणारी गाडी, एवढे असले तर बहुतेक वाचतात. इथिओपियाच्या राजधानीत १९७४ मध्ये कॅथरिन व रेजिनाल्ड हॅम्लिन या डॉक्टर दांपत्याने अडलेल्या बाळंतपणातून इजा झालेल्या स्त्रियांसाठी रुग्णालय उघडले. अशा स्त्रियांना सतत लघवी झरते म्हणून घराबाहेर, गावाबाहेर ठेवीत. अस्पृश्यताच ती. तिथे मामितू गाशे नावाची एक निरक्षर खेडूत तरुणी रुग्ण म्हणून हॅम्लिन दांपत्याकडे आली होती. बरी झाल्यावर ती तिथेच राहिली, मदतनीस झाली, बघता बघता शस्त्रक्रिया शिकली आणि पुढे त्याच रोगाची नामांकित शल्यविशारद म्हणून इतर डॉक्टरांना शिकवू लागली. घेणारीच्या हाती सुरी आली. मदतीची माझी कसोटी विचाराल तर मी हीच सांगेन.

आता ‘घरचे आधी’ या प्रश्नाकडे येतो. घरी काय आहे ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या भगिनी कोयत्याला जोडून जातात, मुकादमाची उचल फेडायची म्हणून दिवस भरेपर्यंत मोळ्या वाहतात. बीड जिल्ह्यात २०१९ च्या शासकीय चौकशीत पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. परतूर, अंबड, घनसावंगी या भागांतूनही कोयते जातात. मग आधी यांच्यासाठी का नको? जरूर. पण जो माणूस या भगिनींसाठी खरोखर धावतो, तोच सुदानच्या बाईसाठीही दोन रुपये देतो, असे अनुभवाला येते. ‘घरचे आधी’ असे म्हणणाऱ्यांपैकी कित्येक घरच्यांसाठीही उठत नाहीत. त्यांचा पैसा कमानीला आणि ध्वनिक्षेपकाला जातो. हे कडू आहे, पण दानपेटीचा जमाखर्च फळ्यावर लिहिला तर कोणालाही दिसेल.

आणि आफ्रिका आपल्याला परकी आहे हेच मुळी खरे नाही. आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या शहराची, तेव्हाच्या खडकीची स्थापना ज्या मलिक अंबराने केली तो इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि दक्षिणेत येऊन निजामशाहीचा वजीर झाला. त्याने बांधलेल्या नहर-ए-अंबरीचे पाणी त्या शहराने शतकानुशतके प्याले. ज्या शहरात पुढे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले, ज्या शहरातील विद्यापीठाच्या नावासाठी आपली माणसे जळाली, त्या शहराला पहिले पाणी एका हबशी गुलामाने पाजले.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा असे सांगितले. तो विसावा हिस्सा किती जण देतात हे सोडून देऊ. पण जो जमतो त्यातला काही भाग, आपल्या बाळंतिणी आणि आपली शाळकरी मुले यांचा वाटा बाजूला काढून, परमुलखातील निर्वासितांसाठी ठेवायला हरकत नसावी. देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापैकी कोणी ठरविणाऱ्यांत आहे का, यातून जमीन, बी, हुन्नर किंवा शिकलेली सुईण यांपैकी काही मागे राहते का, आणि ते दिले-घेतल्याचा हिशेब त्यांना मागता येतो का. हेच तीन प्रश्न आपण आपल्या समाजकल्याण खात्याला विचारतो.

गावातील विहाराकडून पैसा परदेशी जाणे कायद्याने सोपे नाही, ही अडचण खरी आहे. पण त्यावाचून करण्यासारखे एक काम अगदी दाराशी आहे. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. तरीही सुदान, सोमालियाची मुले पुण्यात आणि छत्रपती संभाजीनगरात शिकायला येतात, आणि युद्ध पेटले की त्यांचा घराकडून येणारा पैसा बंद होतो. भाड्याने खोली मागायला गेले की रंग पाहून त्यांना दार लावून घेतले जाते. आडनाव विचारून दार लावून घेणे काय असते हे आपल्या शिकलेल्या पिढीने त्याच शहरांत सोसले आहे. आपल्यापैकी अनेकांची आता तिथे घरे झाली आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच घरांवर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी आहे. आष्टीच्या पुढच्या ग्रंथवाचनाला शहरातून सुट्टीवर आलेली मंडळी बसली की त्यांना ही खोली कोणाला देणार, एवढे विचारून पाहावे.